गुप्त पोलिसांच्या गोष्टी मुलांनीं वाचाव्या काय?

गेल्या पावसाळ्यांत आठवीच्या वर्गांत भूगोलाचा तास चालू असतां शेवटच्या बांकावरील एका विद्यार्थ्याचें लक्ष नकाशाकडे नाहीं असें माझ्या ध्यानीं आलें. जवळ जाऊन पाहतों तों भूगोलाच्या पुस्तकाच्या पोटांत दुसरेंच एक पुस्तक दडलेलें! तें होतें बास्करव्हिल घराण्याच्या पाठीस लागलेल्या शिकारी कुत्र्याच्या गोष्टीचें. शिस्तीप्रमाणें पुस्तक मीं काढून घेतलें आणि वर्गांत जें बोलावयाचें तें बोललों. (खरें सांगावयाचें तर त्या रात्रीं घरीं मींच तें पुन्हां पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलें, परंतु ही गोष्ट वर्गांत सांगण्यासारखी नव्हती.) चार दिवसांनीं त्या मुलाचे वडील मला भेटावयास आले. गृहस्थ सभ्य व विचारी. ते म्हणाले, "सर, खून, दरोडे आणि चोऱ्या यांनीं भरलेलीं हीं पुस्तकें मुलांच्या हातीं पडूं नयेत, अशी शाळेनेंच बंदी करावी. घरीं आमचें ऐकतो कोण?" त्यांस मीं त्या वेळीं कांहीं तरी मोघम उत्तर देऊन वाटेस लावलें, कारण माझेंच मत पक्कें झालेलें नव्हतें. आतां तें झालें आहे, आणि या अंकाच्या संपादकांनीं जागाही दिली आहे. म्हणून त्यांचें देणें येथें फेडतों.

माझें मत असें कीं, बंदी करूं नये. परंतु ज्या लेखकानें शेरलॉक होम्सला जन्म दिला, त्याचें चरित्रही त्या गोष्टींच्या जोडीनें मुलांस सांगितलें पाहिजे. कारण त्या गोष्टींत नसलेला एक धडा त्या चरित्रांत आहे, आणि तो मला स्वतःला फार उशिरां समजला.

सर आर्थर कॉनन डॉइल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजीं स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें झाला. वडील चार्ल्स हे सरकारी कचेरींत नोकरीस असून चांगले चित्रकार होते. परंतु मद्याच्या पायीं नोकरी गेली, प्रकृति गेली, आणि अखेरचीं वर्षें वेड्यांच्या रुग्णालयांत काढून ते १८९३ सालीं वारले. घर तगलें तें आईच्या धीरावर. या बाईला वाचनाचा विलक्षण नाद. मुलांना गोष्ट सांगतांना ऐन प्रसंगीं तिचा आवाज इतका खालीं उतरे कीं, मुलांच्या अंगावर कांटा उभा राही. कॉनन डॉइल यांनीं पुढें आपल्या आठवणींत गोष्ट सांगण्याच्या कलेचें श्रेय आईलाच दिलें आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या मातांनीं हें वाक्य दोनदां वाचावें.

शाळा झाली ती इंग्लंडांत स्टोनीहर्स्ट येथें, जेझुइट पाद्र्यांच्या कडक शिस्तींत. त्यानंतर एडिंबरोच्या विश्वविद्यालयांत वैद्यकीचा अभ्यास. तेथें डॉक्टर जोसेफ बेल हे शस्त्रवैद्य त्यांचे गुरु होते. रोगी दारांतून आंत येतांच, त्यानें तोंड उघडण्यापूर्वी, त्याचा धंदा व राहणी ओळखून सांगण्याची बेल यांची ख्याति होती. एकदां साध्या पोशाखांतला एक मनुष्य आला. बेल यांनीं त्याला पाहतांच सांगितलें कीं, हा हायलंडच्या पलटणींतून नुकताच सुटलेला, हवालदाराच्या दर्जाचा शिपाई असून बार्बाडोस बेटावर होता. तो मनुष्य थक्क झाला. मग बेल यांनीं विद्यार्थ्यांना उलगडा करून सांगितला: मनुष्य अदबशीर आहे, तरी त्यानें टोपी काढली नाहीं, कारण लष्करांत ती काढीत नाहींत, आणि नागरी रीत अंगवळणी पडण्याइतके दिवस अजून गेलेले नाहींत; वागण्यांत हुकमत आहे; आणि जडलेला रोग हत्तीरोगाचा, तो त्या बेटांकडचा. शेरलॉक होम्सचा उगम येथें आहे. लेखकानें ही गोष्ट कधीं लपविली नाहीं.

पदवी मिळाल्यावर १८८२ सालीं त्यांनीं साउथसी येथें दवाखाना थाटला. रोगी फारसे येत ना. वेळ मोकळा, तो त्यांनीं लेखनाकडे लावला. होम्सची पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांकडून परत आल्यावर एका प्रकाशकानें ती पंचवीस पौंडांस, सर्व हक्कांसह, विकत घेतली, आणि १८८७ च्या नाताळच्या एका वार्षिक अंकांत ती छापली. पुढें जगभर खपलेल्या त्या पुस्तकाबद्दल लेखकाला या पंचवीस पौंडांपलीकडे एक कवडीही मिळाली नाहीं. १८९१ सालीं डोळ्यांच्या रोगांचा विशेष अभ्यास करून त्यांनीं लंडनमध्यें जागा घेतली. तेथें तर रोगी मुळींच आले नाहींत! वाचकांनीं हा डोळ्यांचा अभ्यास मात्र ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे. त्याच वर्षीं जुलै महिन्यापासून 'स्ट्रँड' मासिकांत होम्सच्या लहान गोष्टी येऊं लागल्या, आणि दवाखान्याची चिंता कायमची मिटली.

लेखकाला स्वतःला मात्र या गोष्टींचें मोठेंसें कौतुक नव्हतें. आपलें नांव राहील तें ऐतिहासिक कादंबऱ्यांनीं, अशी त्यांची समजूत. म्हणून १८९३ च्या डिसेंबरांत त्यांनीं होम्सला स्वित्झर्लंडमधील एका धबधब्यांत लोटून दिलें. वीस हजार वर्गणीदारांनीं मासिक सोडलें असें सांगतात. आठ वर्षांनीं बास्करव्हिलची गोष्ट आली, तीही होम्सच्या मरणापूर्वीची म्हणून. आणि १९०३ सालीं लेखकानें हार खाऊन मेलेल्याला जिवंत केलें. १९२७ पर्यंत एकंदर चार कादंबऱ्या व छपन्न लहान गोष्टी झाल्या. त्या ऐतिहासिक कादंबऱ्या आज कोण वाचतो? माणसाला आपल्या कोणत्या कामाचें मोल किती, हें स्वतःला क्वचितच कळतें.

आतां आक्षेपांकडे वळूं. या गोष्टींनीं मुलांना गुन्ह्याची गोडी लागते, असें पालक म्हणतात. मला हें पटत नाहीं. इतक्या वर्षांत होम्स वाचून चोर झालेला एकही विद्यार्थी मीं पाहिला नाहीं. चोर झालेले जे दोन पाहिले, त्यांना वाचनाची आवड असती तर बरें झालें असतें. या गोष्टींत गुन्हेगाराचें वैभव नाहीं. कुतूहल आहे तें शोधणाऱ्याचें. वेळ फुकट जातो हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे, पण तो पतंगालाही लागू आहे, आणि पतंगाला आम्हीं बंदी केलेली नाहीं.

माझा आक्षेप निराळाच आहे, आणि तो मला कोणा पालकाच्या तोंडून ऐकूं आला नाहीं. कादंबरीकार कुलूपही आपणच घडवितो आणि किल्लीही आपणच घडवितो. मग तें कुलूप त्या किल्लीनें न उघडून काय करील? होम्स बुटाच्या चिखलाकडे पाहून सांगतो कीं, हा मनुष्य अमुक रस्त्यानें आला. आणि तो त्याच रस्त्यानें आलेला असतो. जगांतला चिखल इतका आज्ञाधारक नसतो. तो दहा रस्त्यांवर सांपडतो, किंवा बूटच मागून आणलेला असतो. गोष्टी वाचून पोरांना जी लागते ती गुन्ह्याची गोडी नव्हे. लागते ती ताबडतोब निकाल देण्याची गोडी, आणि आपला निकाल खराच असणार ही घमेंड.

लेखकाला हें ठाऊक होतें काय? त्याची कसोटी लागली ती १९०७ सालीं, आणि त्या खटल्याचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोंचतो.

शापूरजी एदलजी हे मूळचे मुंबईचे पारशी. तरुणपणीं ते ख्रिस्ती झाले. गुजराती भाषेचा इंग्रजी कोश व व्याकरण त्यांनीं रचलें. पुढें इंग्लंडांत जाऊन कँटरबरी येथें धर्मशिक्षण घेऊन ते चर्च ऑफ इंग्लंडचे पाळक झाले, एका इंग्रज बाईशीं त्यांचा विवाह झाला, आणि १८७६ पासून १९१८ सालीं मरण येईपर्यंत त्यांनीं स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वर्ली गांवच्या मंडळीची सेवा केली. (आपल्या वरळीशीं या गांवाचा नामसादृश्यापलीकडे संबंध नाहीं.) गांव कोळशाच्या खाणींचें, व्यासपीठावरील हा सांवळा पाळक तेथील कित्येकांच्या डोळ्यांत सलत असे. १८९२ पासून तीन वर्षें त्या घरावर निनांवी पत्रांचा मारा चालला होता. तिकडच्या पोलिसांचे मुख्य कॅप्टन अँसन यांनीं मनाशीं पक्कें ठरविलें कीं, हीं पत्रें पाळकाचा थोरला मुलगा जॉर्ज हाच लिहितो! आपल्याच आईबापांना छळणारीं पत्रें! परंतु एकदां मनांत बसलें तें बसलें.

जॉर्ज अभ्यासांत हुशार. सॉलिसिटर होऊन त्यानें बर्मिंगहॅममध्यें कचेरी काढली, आणि आगगाडीच्या उतारूंना उपयोगी पडेल असें रेल्वेच्या कायद्याचें एक लहानसें पुस्तकही १९०१ सालीं लिहिलें. दारूला तो शिवत नसे, स्वभाव एकलकोंडा. १९०३ सालीं ग्रेट वर्लीच्या आसपास रात्रींच्या वेळीं घोडे, गाई व मेंढ्या यांचीं पोटें फाडण्याचे क्रूर प्रकार सुरू झाले. पुन्हां निनांवी पत्रें निघालीं, आणि त्यांत जॉर्जचें नांव गोंवलेलें. १८ ऑगस्ट रोजीं सकाळीं खाणीवरील एक तट्टू असेंच जखमी सांपडलें. त्याच दिवशीं जॉर्जला पकडण्यांत आलें.

पुरावा काय? त्याचा एक जुना कोट, त्यावर दोन चार डाग. तोच कोट आणि त्या तट्टाच्या कातड्याचा तुकडा एकाच दिवशीं एकाच डॉक्टरांच्या हातीं गेले, आणि मग त्या कोटावर तट्टाचे केंस सांपडले. हस्ताक्षराच्या एका तज्ज्ञानें निनांवी पत्रें जॉर्जचींच असें सांगितलें. याच तज्ज्ञाच्या मतानें दुसरा एक निरपराधी मनुष्य, अडॉल्फ बेक, पूर्वीं तुरुंगांत गेला होता. पाळकानें शपथेवर सांगितलें कीं, मुलगा रात्रभर माझ्याच खोलींत, कुलपाच्या आंत, निजला होता. घरावर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्यांनींही त्याला बाहेर पडतांना पाहिलें नव्हतें. तो कोठडींत असतांना आणखी एका घोड्याचें पोट फाडलें गेलें. तरीही ऑक्टोबरांत न्यायालयानें सात वर्षांची सक्तमजुरी दिली. सुमारें दहा हजार लोकांनीं सह्या करून अर्ज केला. तीन वर्षांनीं, १९०६ च्या अखेरीस, कांहीं कारण न सांगतां त्याला सोडून दिलें. निर्दोष म्हणून नव्हे, नुसतें सोडलें. वकिलीची सनद गेलेलीच होती.

त्या वर्षीं कॉनन डॉइल यांची पत्नी दीर्घकाळ क्षयानें आजारी राहून वारली होती, आणि त्यांचें चित्त कशांतच लागत नव्हतें. जॉर्जनें आपली हकीकत एका वर्तमानपत्रांत लिहिली होती, ती त्यांच्या हातीं आली. त्यांनीं त्याला लंडनच्या एका हॉटेलांत भेटीस बोलाविलें. त्यांना पोहोंचण्यास उशीर झाला. दिवाणखान्यांत जॉर्ज वर्तमानपत्र वाचीत बसलेला. कागद डोळ्यांना अगदीं भिडलेला, आणि तोही तिरपा धरलेला. येथें तो न चाललेला लंडनचा दवाखाना कामास आला. या माणसाची दृष्टि फार अधू आहे, हें त्यांनीं दारांतूनच ओळखलें. ज्याला दिवसां हातभर अंतरावरचें नीट दिसत नाहीं, तो पावसाळी काळोख्या रात्रीं शेतें आणि रेल्वेचे रूळ ओलांडून अर्धा मैल जाऊन, चोरपावलांनीं तट्टाचें पोट कसें फाडील?

गोष्ट असती तर ती येथें संपली असती. खरें काम येथून पुढें आहे, आणि मला तें अधिक मोलाचें वाटतें. डॉइल आपल्या ओळखण्यावर थांबले नाहींत. त्यांनीं जॉर्जला नेत्रवैद्याकडे पाठवून डोळे मोजून घेतले. आठ डायॉप्टरची लघुदृष्टि निघाली. खटल्याचे कागद आणवून ओळ न ओळ वाचले. स्वतः ग्रेट वर्लीस जाऊन ती वाट पायांखालीं घातली. साक्षीदारांना पत्रें लिहिलीं. आठ महिने स्वतःचें लेखन बाजूस ठेवून, पदरमोड करून त्यांनीं हें केलें. १९०७ च्या जानेवारींत 'डेली टेलिग्राफ' पत्रांत त्यांनीं सर्व हकीकत छापली, आणि ती कोणीही विनामोबदला पुन्हां छापावी असें जाहीर केलें. सरकारनें तिघांची समिति नेमली. तिच्यांत एक जण कॅप्टन अँसन यांचाच चुलतभाऊ होता, हें जातां जातां सांगितलें पाहिजे! समितीनें मे महिन्यांत निकाल दिला कीं, जनावरें मारल्याबद्दलची शिक्षा चुकीची होती. जॉर्जला 'माफी' मिळाली. न केलेल्या गुन्ह्याची माफी! त्याच वर्षीं त्याची सनद परत आली, आणि त्याच वर्षीं इंग्लंडांत फौजदारी अपिलाचें न्यायालय स्थापण्याचा कायदा झाला. बेकचा खटला आणि हा खटला हीं त्या कायद्यामागचीं मोठीं कारणें होत. त्यापूर्वी निरपराध्याला तुरुंगांतून दाद मागावयास तेथें धड दारच नव्हतें. सप्टेंबरांत कॉनन डॉइल यांचा दुसरा विवाह झाला, त्या समारंभास जॉर्ज एदलजी निमंत्रित होता.

आतां माझी स्वतःची गोष्ट सांगतों. ती सांगण्याचें धैर्य मला बारा वर्षांनीं येत आहे. त्या वेळीं मी दुसऱ्या एका गांवीं शिकवीत होतों. वर्गाच्या सहलीची वर्गणी रुमालांत बांधून मीं टेबलाच्या खणांत ठेवली होती. मधल्या सुट्टीनंतर खण उघडतों तों रुमाल नाहीं. मी होम्सचा भक्त. लगेच तर्क लढवूं लागलों. एक मुलगा सुट्टींत वर्गाच्या दाराशीं घुटमळतांना मीं पाहिला होता. घरची परिस्थिति हलाखीची. दुसऱ्या दिवशीं तो नवे बूट घालून आला! मीं त्याला उभें करून विचारलें, तेव्हां त्यानें मान खालीं घातली आणि तो बोलला नाहीं. मला वाटलें, झालें, हाच कबुलीजबाब. मीं त्याच्या वडिलांना बोलावून सर्व वर्गादेखत जें सांगावयाचें तें सांगितलें. माझें अनुमान किती सुरेख जुळलें, याचा मला मनांतून अभिमानही वाटला. तेंही येथें लिहिलें पाहिजे.

तीन आठवड्यांनीं सुतार तें टेबल दुरुस्त करावयास आला. त्यानें खण बाहेर ओढला, आणि खणामागील फटींतून रुमाल खालीं पडला. पैसे जसेच्या तसे. मी त्याच संध्याकाळीं त्या मुलाच्या घरीं गेलों. दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "ते सगळे ऊसतोडणीला गेले, सर. पोरगं शाळेचं नांव काढीत नव्हतं." बूट त्याला मामानें घेतले होते, हेंही मला त्यांच्याकडूनच समजलें. तो मुलगा शाळेंत परत आला नाहीं. मी दोनदां पुन्हां जाऊन आलों. पुढें माझी बदली झाली. कॅप्टन अँसनविषयीं कठोर शब्द लिहितांना माझी लेखणी कां अडखळते, हें वाचकांस आतां कळलें असेल.

कॉनन डॉइल यांनाही सर्वत्र यश आलें असें नाहीं. ऑस्कर स्लेटर नांवाच्या एका जर्मन ज्यू गृहस्थाला ग्लासगो येथील खुनाबद्दल १९०९ सालीं जन्मठेप झाली होती. त्याच्यासाठीं त्यांनीं १९१२ सालीं पुस्तक लिहिलें, आणि तो निर्दोष ठरला १९२८ सालीं. मनुष्य त्यांना आवडत नव्हता, तरी ते त्याच्यासाठीं भांडले. परंतु एदलजी प्रकरणांत निरपराध्याला सोडविल्यावर त्यांना राहवलें नाहीं. खरा गुन्हेगार आपणांस सांपडला असें समजून त्यांनीं एका स्थानिक इसमाचें नांव सरकारला कळविलें. त्याच्याविरुद्धचा पुरावा जॉर्जविरुद्धच्या पुराव्याहून फारसा सरस नव्हता! सरकारनें तो मानला नाहीं, हें बरेंच झालें. खुद्द होम्सच्या जनकाचाही पाय येथें घसरला.

त्याहून मोठी घसरण पुढें आहे, आणि मुलांना ती ऐकून हसूं येतें. १९१७ सालीं यॉर्कशायरमधील कॉटिंगली गांवीं एल्सी राइट ही सोळा वर्षांची मुलगी आणि तिची नऊ वर्षांची मावस बहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स यांनीं ओढ्याकांठीं फोटो काढले. फोटोंत मुलींच्या पुढ्यांत पंखांच्या इवल्याशा पऱ्या नाचत आहेत! १९२० सालीं हे फोटो कॉनन डॉइल यांच्यापर्यंत आले, आणि त्यांनीं ते खरे मानून 'स्ट्रँड' मासिकांत लेख लिहिला. पुढें १९२२ सालीं पुस्तकही लिहिलें. कोडॅक कंपनीनें खरेपणाचा दाखला देण्यास नकार दिला, तरी त्यांचा विश्वास ढळला नाहीं. त्या मुलींनीं खरी गोष्ट १९८३ सालीं, म्हातारपणीं, सांगितली: पुस्तकांतील चित्रांवरून पऱ्या काढल्या, कागदांतून कातरल्या, आणि टोपीच्या टांचण्यांनीं गवतांत उभ्या केल्या.

मला मात्र हसूं येत नाहीं. पहिल्या महायुद्धांत घायाळ झालेला त्यांचा मुलगा किंग्जली १९१८ च्या ऑक्टोबरांत आजारानें गेला. चार महिन्यांनीं धाकटा भाऊ इनेस गेला. मेलेल्यांशीं बोलतां येतें या मताकडे ते त्यापूर्वीच वळले होते. आतां त्यांनीं उरलेलें आयुष्य व पुष्कळसा पैसा त्या मताच्या प्रसारांत घातला. त्या मताविषयीं मी येथें वाद घालीत नाहीं. शोकानें पोळलेल्या बापाला डोळ्यांपलीकडच्या जगाचा एक फोटो हवा होता, आणि तो त्याला मिळाला.

परंतु एका गोष्टीकडे पाहावें. एदलजीच्या वेळीं ते स्वतः गेले, वाट तुडविली, डोळे मोजविले. कॉटिंगलीस त्यांनीं दुसऱ्या गृहस्थांस पाठविलें, आणि आपण व्याख्यानांसाठीं ऑस्ट्रेलियास गेले. शिवाय त्यांचा एक मुद्दा असा कीं, कामगाराच्या घरांतील पोरींना इतकी हुशारीची लबाडी साधणारच नाहीं! एल्सी चित्रें उत्तम काढीत असे, आणि तिनें फोटोग्राफरकडे कामही केलें होतें. कॅप्टन अँसननें कातडीकडे पाहून माणसाला वाईट ठरविलें. कॉनन डॉइल यांनीं घराकडे पाहून मुलींना भोळ्या ठरविलें. मीं बुटांकडे पाहिलें. ७ जुलै १९३० रोजीं क्रोबरो येथें कॉनन डॉइल वारले, तोंवर त्या पऱ्यांवरचा त्यांचा विश्वास गेला नव्हता.

म्हणून त्या पालक गृहस्थांस माझें सांगणें असें: मुलांना गोष्टी वाचूं द्याव्या. फक्त तासाला नव्हे, आणि दिवा मालवण्याची वेळ झाल्यावर नव्हे. पुस्तक संपल्यावर मुलाला विचारावें कीं, होम्सनें सांगितलेल्या खुणेचा दुसरा कोणता अर्थ होऊं शकला असता? मीं हा प्रयोग वर्गांत केला. त्या चिखलाच्या बुटाला आठवीच्या मुलांनीं अकरा अर्थ लावले; त्यांतले निदान सहा तरी होम्सच्या अर्थाइतकेच संभवनीय होते. मुलींचे अर्थ अधिक चांगले होते, हें नमूद करतों.

सत्र संपतांना मीं तें बास्करव्हिलचें पुस्तक त्या मुलाला परत दिलें, आणि शेवटच्या शनिवारीं सगळ्या वर्गाला जॉर्ज एदलजीची हकीकत सांगितली. मुलें चुपचाप ऐकत होतीं. सांगून झाल्यावर कोणी होम्सविषयीं विचारलें, कोणी पऱ्यांविषयीं. शेवटच्या बांकावरून तोच मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, तीन वर्षें फुकट गेलीं त्याचे त्याला सरकारनें किती पैसे दिले?"

मीं सांगितलें, एक पैही नाहीं. समितीचें म्हणणें पडलें कीं, त्या निनांवी पत्रांपैकीं कांहीं त्यानें स्वतःच लिहिलीं असावींत, आणि म्हणून हें संकट त्यानें आपल्याच हातांनीं ओढवून घेतलें. १९५३ सालीं तो वारला, तोंपर्यंत त्याला भरपाई मिळाली नाहीं.

"पण पत्रें त्याचीं नव्हतींच ना, सर?" मुलगा म्हणाला. तेवढ्यांत घंटा झाली. परंतु तो जागेवर उभाच होता.